बारामती व इंदापूर तालुक्यांतील गावे आणि वाड्या

बारामती आणि इंदापूर हे महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन लगतचे तालुके आहेत. या तालुक्यांतील ग्रामीण लोकवस्ती मूळ गावठाणे, त्यांच्या भोवतीच्या वाड्या आणि शेतांमधून विखुरलेल्या वस्त्या अशा स्वरूपाची आहे. स्थानिक कारभाराच्या दृष्टीने ही सर्व लोकवस्ती ग्रामपंचायतींमध्ये विभागलेली आहे. एका ग्रामपंचायतीत एकच गाव असू शकते, एक गाव व त्याच्या अनेक वाड्या असू शकतात किंवा एकाहून अधिक गावेही असू शकतात. या प्रदेशात गावांची रचना ठरवण्यात पाण्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. दुष्काळ, नीरा डावा कालवा आणि भीमा नदीवरील उजनी धरण या तीन कारणांनी गेल्या दीडशे वर्षांत येथील गावे फुटली, पसरली आणि काही ठिकाणी मुळासकट उठून दुसरीकडे वसली.

'गाव' या संज्ञेचे अर्थ

मराठीत 'गाव' हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ महसुली गाव. शासनाच्या जमिनीच्या दप्तरात ज्याची स्वतंत्र शीव, स्वतंत्र नकाशा आणि सात-बारा उताऱ्यांचे स्वतंत्र पुस्तक असते, ते महसुली गाव होय. दुसरा अर्थ पंचायतीचे गाव. राज्यघटनेनुसार अधिसूचना काढून ज्या क्षेत्रासाठी ग्रामपंचायत स्थापन केली जाते, ते कायद्याच्या भाषेत 'गाव' ठरते. तिसरा अर्थ प्रत्यक्ष राहते गाव, म्हणजे घरे, देऊळ, चावडी, पार आणि शाळा असलेली जागा.

या तिन्हींच्या सीमा जुळतातच असे नाही. एखादी वाडी एका गावाच्या शिवेत असून तिची मुले दुसऱ्या गावाच्या शाळेत जातात, बाजारहाट तिसऱ्या गावी होते, आणि मतदान मात्र मूळ गावाच्या प्रभागात करावे लागते. रस्ता, नळपाणी योजना, दिवाबत्ती आणि स्मशानभूमी यांसाठीचा निधी ग्रामपंचायतीमार्फत येतो. त्यामुळे एखादी वस्ती कोणत्या पंचायतीत मोडते, हा प्रश्न तेथील रहिवाशांसाठी केवळ नकाशाचा राहत नाही.

भौगोलिक स्थिती

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वार्षिक पाऊस सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर असून तोही अनियमित असतो. नीरा नदी दक्षिण सीमेवरून वाहते. तिच्या पलीकडे सातारा जिल्ह्यातील फलटण आणि सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस हे तालुके आहेत. कऱ्हा नदी बारामती शहरावरून वाहत जाऊन सोनगावजवळ नीरेस मिळते. इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व सीमेवर भीमा नदी आहे. पलीकडच्या तीरावर अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा हे तालुके येतात. नीरा आणि भीमा यांचा संगम इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे होतो. तेथील लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर प्रसिद्ध आहे.

स्थानिक बोलण्यात या प्रदेशाचे 'बागायती पट्टा' आणि 'जिरायती पट्टा' असे दोन भाग पडतात. नीरा डाव्या कालव्याखालील वडगाव निंबाळकर, माळेगाव, सणसर, लासुर्णे ही गावे बागायती पट्ट्यात येतात. सुपे, मोरगाव, लोणी भापकर, उंडवडी हा बारामती तालुक्याचा उत्तर व पश्चिम भाग जिरायती आहे. तेथील शेती मुख्यतः पावसाच्या पाण्यावर व विहिरींवर अवलंबून असते. रब्बी ज्वारी आणि बाजरी ही तेथील परंपरागत पिके होत.

इतिहास

परगणे व मूळ गावठाणे

सतराव्या शतकात पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हे परगणे भोसले घराण्याच्या जहागिरीत होते. त्या काळातील प्रशासकीय विभागांची खूण आजच्या ग्रामनामांत टिकून आहे. बारामती तालुक्यात जळगाव नावाची दोन गावे आहेत. त्यांपैकी एकास जळगाव सुपे आणि दुसऱ्यास जळगाव कडेपठार म्हणतात. उंडवडी सुपे आणि उंडवडी कडेपठार ही जोडीही तशीच आहे. महसुली विभाग म्हणून सुपे व कडेपठार केव्हाच मागे पडले असले, तरी पत्ता सांगताना त्यांची नावे आजही घ्यावी लागतात.

मूळ गावाचे दोन भाग मानले जात. घरांची जागा ती 'पांढरी' आणि शेतीची जमीन ती 'काळी'. पांढरीत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि कुणबी राहत. वस्ती एकवटलेली असे, कारण चोर-दरोडेखोरांपासून बचाव, पिण्याच्या पाण्याची सामाईक विहीर आणि बलुत्याची देवघेव या तिन्ही गोष्टींसाठी जवळ राहणे सोयीचे होते. काळीत रात्री मुक्काम पडे तो प्रामुख्याने राखणीपुरता.

इंदापूरची जमीन मोजणी

इंदापूर तालुक्याचे नाव महसूल प्रशासनाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. पेशवाईच्या अखेरीनंतर इंग्रजांनी प्रिंगल या अधिकाऱ्याकरवी जमीन मोजून सारा ठरवला. परंतु ती आकारणी सदोष आणि जड ठरली. अनेक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. त्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. जमिनीचे क्रमांकित तुकडे पाडून त्यांच्या हद्दीवर खुणा करणे, मातीची नऊ प्रतींत वर्गवारी करणे आणि तीस वर्षांसाठी सारा निश्चित करणे ही तिची मुख्य अंगे होती. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी भागात पसरली. आज महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला 'सर्व्हे नंबर' म्हणतो, त्याची घडण या तालुक्याच्या शिवारात झाली. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे 'गट नंबर' आले.

सुप्याचा उठाव आणि दुष्काळ

तीस वर्षांची मुदत संपल्यावर, १८६७ च्या सुमारास, इंदापूर तालुक्यात फेरआकारणी होऊन सारा वाढवण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे कापसाचे चढे भाव कोसळले होते. शेतकरी सावकारांच्या कर्जात अडकले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारच्या गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठून कर्जरोखे आणि हिशोबाच्या वह्या जाळल्या. हा उठाव आसपासच्या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यातही पसरला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखला जातो. त्याची चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला.

उठावापाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ पडला. दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी जी मोठी कामे काढण्यात आली, त्यांपैकी नीरा कालव्याचे काम एक होते.

नीरा डावा कालवा आणि वाड्यांची वाढ

वीर येथील बंधाऱ्यापासून निघणारा नीरा डावा कालवा १८८० च्या दशकाच्या मध्यास वाहू लागला. त्याला पाणी पुरवणारे भाटघर धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. ते धरण भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर आहे. कालवा पुरंदर व बारामती तालुक्यांतून इंदापूर तालुक्यात जातो.

सुरुवातीच्या काळात स्थानिक शेतकरी कालव्याचे पाणी घेण्यास फारसे उत्सुक नव्हते. पाणीपट्टी भरणे, उसासारख्या बारमाही पिकासाठी भांडवल उभे करणे आणि जमिनीची वेगळी मशागत करणे त्यांच्या सवयीत नव्हते. सासवड परिसरातील माळी समाजाच्या शेतकऱ्यांनी येथे खंडाने जमिनी घेऊन ऊस व गुळाची शेती वाढवली. त्यांच्यापैकी काहींनी पुढे नीरेपलीकडे माळीनगर येथे साखर कारखाना उभारला.

बागायतीने राहण्याची पद्धत बदलली. जिरायती ज्वारी पेरून शेतकरी गावठाणात राहू शकत होता. ऊस तसे राहू देत नाही. पाण्याची पाळी रात्री-अपरात्री येते, दारे धरावे लागते, जनावरे आणि खत शेतावरच ठेवणे सोयीचे पडते. त्यामुळे कुटुंबे गावठाण सोडून रानात राहायला गेली. एका भावकीची चार घरे झाली की 'वस्ती' आणि ती वाढली की 'वाडी', असा हा क्रम होता. विसाव्या शतकात विहिरी, विजेचे पंप आणि रस्ते आल्यावर हे स्थलांतर अधिकच वाढले. परिणामी अनेक गावांत जुन्या गावठाणापेक्षा वाड्या-वस्त्यांवर राहणारी लोकसंख्या जास्त झाली. देऊळ, चावडी, सोसायटी व बाजार मात्र गावठाणातच राहिले.

साखर उद्योगामुळे काही नव्या वसाहतीही निर्माण झाल्या. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंब परिसरातील जमिनी घेऊन १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला. त्याभोवती वालचंदनगर ही नियोजित वसाहत उभी राहिली. स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी कारखान्यांच्या परिसरात शिवनगर, भवानीनगर, शहाजीनगर अशा वसाहती वाढल्या. त्या अनुक्रमे माळेगाव, सणसर आणि रेडा या जुन्या गावांशी जोडलेल्या आहेत.

कालव्याने गावागावांत नवे अंतरही निर्माण केले. मुखाकडच्या गावांना पाणी लवकर व भरपूर मिळते, तर इंदापूर तालुक्यातील शेवटच्या टप्प्यातील, म्हणजे 'टेल'च्या गावांना आवर्तन उशिरा व अपुरे पोहोचते. उन्हाळी आवर्तनावरून होणारे वाद हा या भागातील सार्वजनिक जीवनाचा नित्याचा विषय आहे. जिरायती पट्ट्यात १९७२ च्या दुष्काळानंतर पाझर तलावांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. त्या पट्ट्यासाठी पुढे जानाई-शिरसाई उपसा सिंचन योजना आखण्यात आली.

उजनी धरण आणि उठलेली गावे

भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी येथे धरण बांधण्याचे काम १९६६ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ अब्ज घनफूट, अचल साठा आहे. धरणाचा मुख्य लाभ सोलापूर जिल्ह्यास मिळतो. जलाशयाचा फुगवटा मात्र इंदापूर, करमाळा, कर्जत आणि दौंड तालुक्यांच्या शिवारांत पसरला.

भीमाकाठची इंदापूर तालुक्यातील गावे नदीलगतच्या गाळाच्या सुपीक जमिनीवर वसलेली होती. जलाशयात त्यांची गावठाणे आणि उत्तम जमिनी बुडाल्या. रहिवाशांना वरच्या माळरानावर नवी गावठाणे आखून देण्यात आली. काही कुटुंबांना दूरच्या गावी जमिनी मिळाल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राज्याने पहिला सर्वंकष कायदा १९७६ मध्ये केला, तेव्हा उजनीचे काम सुरू होऊन दहा वर्षे झाली होती. तालुक्यात आज डाळज, कालठण अशी काही गावे 'नंबर १', 'नंबर २' अशा क्रमांकांनी ओळखली जातात. एकच नाव क्रमांकाने वेगळे केलेली अशी स्वतंत्र वस्तीस्थाने जलाशयाच्या काठच्या भागाचे वैशिष्ट्य आहे.

पळसदेव हे या प्रक्रियेचे सर्वाधिक परिचित उदाहरण आहे. मूळ गाव भीमेच्या काठी होते. तेथील पळसनाथाचे दगडी मंदिर मध्ययुगीन स्थापत्याचा नमुना असून ते जलाशयात बुडाले. नवे पळसदेव पुणे–सोलापूर महामार्गालगत वसले आणि तेथे पळसनाथाचे नवे मंदिर बांधण्यात आले. पाऊस कमी झालेल्या वर्षी जलाशयाची पातळी अचल साठ्याच्याही बरीच खाली जाते, तेव्हा जुने मंदिर व जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. अशा वेळी जुन्या घरांची जोती पाहण्यास लोक जातात. पाणी नसण्याच्या संकटातच जुने गाव दिसते, ही या काठावरच्या गावांची विलक्षण स्थिती आहे.

जलाशयामुळे उपजीविकेची नवी साधनेही आली. काठच्या शेतकऱ्यांनी उपसा पंप बसवून ऊस व केळी लावली. मासेमारी वाढली, येथील चिलापी मासा आणि भिगवणचा मासळी बाजार सर्वपरिचित आहे. भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळ परिसरात हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) व अन्य स्थलांतरित पक्षी येतात. भादलवाडी येथील तलावावर चित्रबलाकांची वीण होते. पक्षिनिरीक्षकांना नावेतून फिरवणे हा कुंभारगावातील अनेक मच्छीमार कुटुंबांचा हंगामी व्यवसाय झाला आहे.

पूर्वी नदी ओलांडून सहज पलीकडे जाता येई, तेथे आता कित्येक किलोमीटरचे पाणी आहे. इंदापूर व करमाळा तालुक्यांतील काठच्या गावांचे नातेसंबंध, शेती व बाजार एकमेकांत गुंतलेले असल्याने लोक होडीने ये-जा करतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. शिरसोडी ते कुगाव दरम्यान पूल बांधण्याची मागणी जुनी होती. या पुलास शासनाने मंजुरी दिली आहे.

प्रशासन

ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमानुसार (आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) चालतो. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी त्रिस्तरीय रचना आहे. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला.

पंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येनुसार ७ ते १७ असते. गावाचे प्रभाग पाडले जातात आणि मोठ्या वाड्यांचा सहसा स्वतंत्र प्रभाग होतो. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचाची थेट मतदारांतून निवड करण्याची तरतूद २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. घरपट्टी आणि पाणीपट्टी ही पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाची मुख्य साधने असून विकासकामांचा बराच भाग शासकीय अनुदानावर चालतो.

एकाहून अधिक महसुली गावे किंवा वाड्या मिळून जी पंचायत होते, तिला 'गट ग्रामपंचायत' म्हणतात. अधिनियमातील तरतुदीनुसार अशा गटाला त्यातील सर्वाधिक लोकसंख्येच्या गावाचे नाव दिले जाते. त्यामुळे लहान गाव कागदोपत्री मोठ्याच्या नावाखाली जाते. लोकसंख्या वाढली की वाडीकडून स्वतंत्र पंचायतीची मागणी होते. विभाजनाने कारभार जवळ येतो आणि निर्णयात वाडीला थेट आवाज मिळतो. पण घरपट्टीचे उत्पन्न विभागले जाते. साखर कारखाना किंवा बाजारपेठ ज्या भागात असते, तो भाग वेगळा झाल्यास उरलेल्या गावाचे उत्पन्न घटते. म्हणून विभाजनाचा प्रश्न बहुधा वादाचा ठरतो.

उलट दिशेनेही बदल झाले आहेत. बारामती नगरपालिकेच्या हद्दवाढीत जळोची, रुई, तांदुळवाडी ही लगतची गावे शहरात सामील झाली आणि तेथील ग्रामपंचायती संपुष्टात आल्या. माळेगाव बुद्रुक येथे ग्रामपंचायतीऐवजी नगरपंचायत स्थापन झाली आहे.

युरोपातील काही देशांत अशीच रचना आढळते. रोमानियात ग्रामीण कारभाराचा मूळ घटक 'कोमुना' हा असून अशा सुमारे २,८६० कोमुना आहेत. एका कोमुनेत बहुधा अनेक खेडी असतात, त्यांतील एक मुख्य ठिकाण असते आणि महापौर थेट मतदानाने निवडला जातो. महाराष्ट्रातील गट ग्रामपंचायत या रचनेच्या सर्वांत जवळची आहे. मुख्य गाव आणि दूरची खेडी यांच्यात निधी कसा वाटावा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

ग्रामनामे

एकाच नावाच्या दोन गावांपैकी मोठे किंवा जुने ते 'बुद्रुक' आणि लहान ते 'खुर्द', ही पद्धत येथेही आहे. उदाहरणार्थ, वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द. काही नावांना घराण्याची जोड आहे, जसे वडगाव निंबाळकर आणि लोणी भापकर. वाड्या व वस्त्यांना बहुधा आडनावे मिळाली, कारण त्या भावकीच्या वस्तीतून वाढल्या. काही वस्त्यांची नावे जातिवाचक होती. अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला.

पालखी मार्ग आणि गावांची सामाईक परंपरा

संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी या मार्गाने पंढरपूरकडे जाते. काटेवाडीत परीट समाजाकडून पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीत अश्वांचे गोल रिंगण होते. सराटी येथे पादुकांना नीरा स्नान घालून पालखी नदीपलीकडे जाते. एरवी विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांवरील लोक या दिवशी मुख्य गावात एकत्र येतात. स्वयंपाक, पाणी आणि मुक्कामाची व्यवस्था वाड्यांमध्ये वाटून घेतली जाते. पंचायतीच्या नकाशाबाहेरचे गाव अशा प्रसंगी दिसून येते.

सद्यस्थिती

जुन्या गावठाणांत आज अनेक वाडे ओस पडले आहेत, तर वाड्या-वस्त्यांवर पक्की घरे, दूध संकलन केंद्रे आणि दुकाने झाली आहेत. रानातील वस्त्यांपुढे पावसाळ्यातील पाणंद रस्ते, पिण्याचे पाणी आणि कमी पटाच्या प्राथमिक शाळा टिकवणे हे मुख्य प्रश्न आहेत. जलाशयाच्या काठच्या गावांत बुडालेल्या जमिनींचा मोबदला आणि पुनर्वसित गावठाणांतील सुविधा हे विषय धरण पूर्ण होऊन चार दशके उलटल्यावरही चर्चेत असतात. कालव्याच्या शेवटच्या टप्प्यातील गावांत उन्हाळी आवर्तनाची वाट पाहिली जाते. जिरायती पट्ट्यातील गावांत टंचाईच्या वर्षी पाण्याचे टँकर सुरू होतात, आणि टँकरच्या मागणीचा प्रस्ताव पंचायतीमार्फत जात असल्याने वाड्या-वस्त्यांची गणना त्या वेळी पुन्हा एकदा करावी लागते.